माद्रिदमधला बाक

छापील कार्यक्रमात दुसऱ्या दिवसाच्या रकान्यात लिहिलं होतं: माद्रिद, बसमधून शहरदर्शन, चित्रसंग्रहालयाचा बाहेरून फोटो, नंतर खरेदीसाठी मोकळा वेळ. मी ते तीनदा वाचलं. चित्रसंग्रहालयाचा म्हणे बाहेरून फोटो. म्हणजे हलवायाच्या दुकानाची पाटी वाचायची आणि घरी येऊन सांगायचं, पेढे छान होते.

हा कागद माझ्या हातात दिला तो माझ्या नवऱ्यानं, आणि तो खूश होता. माझ्या तोंडाकडे बघत उभा होता, आता ही काय म्हणते म्हणून. मी बोलायची थांबले की काय होतं हे त्याला चौतीस वर्षांत कळलेलं आहे, तरीही तो हसतच होता.

मला राग लवकर येतो, हे पुंडलिकनगरातल्या आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. मला लांबून येताना बघितलं की भाजीवाला कालची मेथी खाली सारतो. पण हा राग तसला, चहा होईस्तोवर निवणारा नव्हता. तो कशाचा होता हे कळायला आधी माझा धंदा सांगावा लागेल.

मी गाइड होते. सव्वीस वर्षं स्पॅनिश पर्यटकांना अजिंठा आणि वेरूळ दाखवलं. अजिंठा गावात वाढले, वडील लेण्यांवरच कामाला होते, त्यामुळे परदेशी माणसाचं अप्रूप लहानपणीच संपलं होतं. पुढं हैदराबादला राहून स्पॅनिश शिकले, कारण इंग्रजी बोलणारे गाइड गल्लोगल्ली होते आणि स्पॅनिशवाला आसपास कुणी नव्हता. सकाळी सातला हॉटेलातून गाडी निघायची, सिल्लोडला चहा, मग फाट्यावर गाडी सोडून बसनं लेण्यांपर्यंत. जळगाव रोड उखडलेला होता त्या वर्षांत ‘आता थोडंच राहिलंय’ हे वाक्य मी स्पॅनिशमध्ये इतक्यांदा म्हटलं की झोपेतही म्हणत असेन. दोन वर्षांपूर्वी लेण्यांच्या पायऱ्यांनी गुडघ्यांना दमवलं आणि मी काम थांबवलं. सपाट रस्त्यावर मी अजूनही नवऱ्याच्या पुढं चालते.

आता गाइड उभा कसा राहतो ते सांगते. लोकांकडे तोंड करून. म्हणजे चित्राकडे त्याची पाठ. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यातला, हातात कमळ धरलेला तो बोधिसत्त्व, ज्याच्यासाठी जगभरातून माणसं येतात, तो मी सव्वीस वर्षं समोरच्यांच्या चेहऱ्यांवर बघितला. त्यांचे डोळे मोठे झाले की कळायचं, आपला टॉर्च मुकुटावर पोचला. कधी वळून दोन क्षण बघावं तर मागून प्रश्न सुरू. ही बाजूची बाई कोण, निळा रंग कशाचा, बाथरूम कुठं आहे. एका लेण्यात किती वेळ थांबायचं ते ठरलेलं, बाहेर पुढची तुकडी बूट काढून उभी, चौकीदार टाळ्या वाजवून चला चला म्हणतोय. आम्ही बौद्ध. घरी सकाळ-संध्याकाळ वंदना होते. घरच्या बुद्धासमोर मी निवांत बसते, पण ज्या बुद्धानं मला पोटापाण्याला लावलं त्याच्यासमोर मला कधी बसता आलं नाही.

सुट्टीच्या दिवशी जायचं होतं, असं लोक म्हणतात. गेले होते. चार वेळा गेले. चारही वेळा कुणीतरी ओळखीचं भेटलं. ‘मॅडम, पाहुणे आलेत, दोन मिनिटं सांगता का?’ आणि मी सांगितलं. ही माझी खोड आहे, आणि ती मला पुढं चांगलीच नडली.

माझ्याकडे एक वही आहे. पाहुण्यांना परतीच्या विमानाला सोडायला जाताना मी प्रत्येकाला एक गोष्ट लिहायला लावायचे: तुमच्या गावात मी काय बघू आणि किती वाजता. वेळ लिहाच, असं बजावून सांगायचे. आमच्या कामात वेळ ही अर्धी विद्या आहे. ऊन कधी कुठल्या पायरीवर येतं, शाळांच्या सहली कधी आदळतात, हे ज्याला माहीत तो खरा गाइड, बाकीचे पोपट. तर वहीत लिहिलेलं आहे: तोलेदोला संध्याकाळी नदी ओलांडून पलीकडे जा आणि मागं वळून गाव बघ. कोर्दोबाच्या मशिदीत सकाळी सगळ्यांच्या आधी शीर, खांबांमध्ये माणसं नसताना. ग्रानादाला समोरच्या टेकडीवरून राजवाडा लाल होताना बघ. सेव्हियाच्या एका गृहस्थानं लिहिलंय, उन्हाळ्यात येऊ नकोस, सोसणार नाही. मे महिन्यात सिल्लोडच्या स्टँडवर उभं राहा म्हणावं.

आणि माद्रिदची एक निवृत्त मास्तरीण होती. काठी टेकत आली होती, सत्तरीच्या पुढची. पहिल्या लेण्यात मी बोलत असताना तिनं मला हात करून थांबवलं आणि म्हणाली, ‘बाई, तू थकलीस. बस जरा.’ मी म्हटलं, इथं बसायची सोय नाही. ती म्हणाली, ‘मग तू हे बघतेस कधी?’ सव्वीस वर्षांत मला उत्तर न सुचलेला तो एकच प्रश्न. जाताना तिनं वहीत लिहिलं: ‘माद्रिदच्या संग्रहालयात एका मोठ्या चित्रासमोर बाक आहे. सकाळी दार उघडताच जा. बाकावर बस. तुला कुणी काही विचारणार नाही.’ खाली तिनं दालनाचा साधा नकाशा काढला होता आणि बाकाच्या जागी फुली मारली होती.

त्या फुलीसाठी मी स्पेनला जाणार होते. बाकीची शहरं आवडीची होती, पण ही फुली हवीच होती. एकदा तरी चित्राकडे तोंड करून बसायचं, आणि पाठीमागं आपल्याला काही विचारणारं कुणी नसेल असं बसायचं. एवढंच.

हिवाळाभर जेवणाच्या टेबलावर वही पसरून मी योजना केली. सोळा दिवस. माद्रिद तीन दिवस, तोलेदोला एक मुक्काम, मग कोर्दोबा, सेव्हिया, ग्रानादा, शेवटी बार्सिलोना. कुठलंही गाव दुपारी पोचून दुसऱ्या सकाळी सोडायचं नाही, हा माझा नियम. अजिंठा दीड तासात उरकून ‘झालं का आता?’ विचारणाऱ्यांची मी आयुष्यभर मनातल्या मनात खरडपट्टी काढली होती, तेव्हा तसलं वागणं मला शोभलं नसतं. नवरा शेजारी बसून शेंगा सोलायचा आणि मान डोलवायचा. एक दिवस म्हणाला, ‘तुझं अक्षर व्हिसावाल्याला वाचता येणार नाय, मी टाइप करून देतो.’ मला बरं वाटलं. तिथंच मी फसले.

नवरा रोज सकाळी फिरायला जातो. मैदानाला चार फेऱ्या आणि मग टपरीवर अर्धा तास देशाची चिंता. तिथल्या एकाचा जावई परदेशाच्या सहली काढतो. टाइप केलेली माझी योजना फोनवरून टपरीवर गेली, टपरीवरून जावयाकडे गेली, आणि आठ दिवसांनी छापून परत आली. तोच तो कागद.

‘सोळा दिवसाचं त्यानं नऊ दिवसात बसवलं बघ,’ नवरा म्हणाला. ‘सहाच्या सहा शहरं. एकबी सोडलं नाय. चाळीस लोक व्हायलेत.’

‘माझी वही तुम्ही टपरीवर वाचायला दिली?’

‘वही कुठं दिली? टाइप केलेलं दिलं. अगं, स्वयंपाकी सोबत राहणारे. रोज वरण-भात, पोळी.’

‘मी वरण-भात खायला स्पेनला चालले का?’

‘इतकं काय चिडायलीस? परका मुलूख आहे. चार माणसं सोबत असली की बरं असतंय.’

मी कागदावर बोट ठेवलं. ‘हे काय आहे? बाहेरून फोटो?’

त्यानं चष्मा वर करून वाचलं. ‘आत लई वेळ जातो म्हणे,’ तो म्हणाला. ‘पण तू बोल ना त्याच्याशी. रविवारी मीटिंग आहे. तुझं ऐकंल तो.’

मी भांडी घासायला घेतली, धुतलेलीच. आमच्याकडे एखादी गोष्ट चारचौघांना सांगितली की ती आपली राहत नाही, हे मला या वयात कळायला हवं होतं. तीर्थाला निघालेल्या माणसाच्या मागं अख्खी आळी निघते. त्यात कुणाचा दुष्टपणा नसतो, आणि म्हणूनच कुणाला धरून झोडताही येत नाही. दुष्ट माणसावर रागावणं सोपं असतं. माझ्या नवऱ्यासारख्या भल्या माणसावर रागवायचं म्हणजे स्वतःचंच डोकं भिंतीवर आपटून घ्यायचं.

रविवारी सकाळी मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये मीटिंग होती. मी मनाशी ठरवून गेले होते की संग्रहालयाचं तेवढं विचारायचं, उत्तर नकारार्थी आलं तर उठून यायचं. शेवटच्या रांगेत बसले. चाळीस जण, बहुतेक आमच्याच वयाचे, बायका इडलीच्या बश्या हातात घेऊन. जावई चुणचुणीत होता. पडद्यावर फोटो दाखवत होता. ग्रानादाच्या राजवाड्याबद्दल म्हणाला, ‘आपला बीबी का मकबरा आहे ना, तसंच, पण मोठं.’ लोक हसले. आमच्या मकबऱ्याला ताजमहालाची नक्कल म्हणून हिणवणारी माणसं मी आयुष्यभर ऐकली, आता त्याच्या पदरी आणखी एक थोरला भाऊ बांधला. तरी गप्प राहिले. मग त्यानं पुढचा फोटो लावला, खाली नदीचं वळण आणि वर टेकडीवर गाव, आणि म्हणाला, ‘हे ग्रॅनडा शहर.’

‘हे तोलेदो आहे,’ मी म्हणाले.

मी बोलणार नव्हते. तोंडातून निघून गेलं. त्यानं वळून विचारलं, ‘कशावरून मॅडम?’ कुणी खिजवून विचारलं असतं तर मी कदाचित आवरलं असतं. त्यानं साध्या मनानं विचारलं. मी बसल्या जागेवरून नदी सांगितली. मग पूल नीट दिसेना म्हणून दोन रांगा पुढं गेले. मग कुणीतरी विचारलं, गाव असं टेकडीवर का बांधलं, ते सांगितलं. एका बाईनं विचारलं, तिथं आपल्यासारखं ऊन असतं का. त्याचंही सांगितलं. लोकांनी बश्या खाली ठेवल्या. डोळे मोठे झाले. मला ते डोळे ओळखीचे वाटले, आणि त्याच क्षणी डोळ्यांवर प्रोजेक्टरचा झोत आला म्हणून मी मान खाली घातली. अंगभर रंग. मी पडद्याच्या पुढ्यात उभी होते. तोलेदोची नदी माझ्या साडीवर पडली होती. समोर चाळीस माणसं, आणि मी चित्राकडे पाठ करून.

घड्याळात पंचवीस मिनिटं गेली होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. जावयानं माइक माझ्या हातात देऊन जाहीर केलं की मॅडम सोबत आहेत म्हटल्यावर प्रत्येक गावात गाइड घ्यायचं काम नाही, बसमध्ये त्यांची पुढची सीट पक्की. नवरा पहिल्या रांगेत ताठ बसला होता, टाळ्या सगळ्यांत जास्त त्याच्याच. मी माइक खुर्चीवर ठेवला आणि जिना उतरून रस्त्यावर आले. संग्रहालयाचं विचारायचं राहूनच गेलं.

घरापर्यंत चालत आले. एवढी संतापले होते की रिक्षावाल्यानं विचारलं त्याच्यावरही ओरडले. जावयाचा राग नव्हता, खरं सांगायचं तर नवऱ्याचाही राहिला नव्हता. माझा मलाच राग आला होता. कुणी माझा हात धरून मला पडद्याकडे नेलं नव्हतं. मी माझ्या पायांनी चालत गेले होते.

आणि मला वडील आठवले. मी लहान होते तेव्हा लेण्यांत आजच्यासारखे दिवे नव्हते. दाराबाहेर उन्हात एक माणूस चकचकीत पत्रा घेऊन उभा राहायचा आणि पत्र्यावरून ऊन आत फेकायचा. आत साहेब लोक त्या उजेडात भिंत बघायचे. ते काम माझ्या वडिलांचं. आतून आवाज यायचा, डावीकडे घे, वर घे, की ते पत्रा तेवढा हलवायचे. ऊन सरकलं की आपणही सरकायचं. सुटीत मी त्यांच्याबरोबर जायचे आणि पायरीवर बसून ते बघायचे. त्यांचे डोळे कायम लाल असत. एकदा मी विचारलं, उजेडात ते चित्र कसं दिसतं?

‘मला काय ठावं?’ ते म्हणाले. ‘मी पत्रा सोडून आत गेलो, तर उजेडच जातो ना.’

ते अगदी सहज म्हणाले होते. त्यांना त्यात वाईट वाटण्यासारखं काही दिसत नव्हतं, पोरांना शाळेत घालता आलं यातच ते समाधानी होते. वाईट मला वाटतं. पन्नास वर्षं झाली तरी वाटतं, आणि ते गेल्यावर जास्त वाटतं. त्यांना एकदा तरी ‘बाबा, पत्रा मी धरते, तुम्ही आत जा’ असं म्हणायला हवं होतं. मी लहान होते, पत्रा माझ्याहून उंच होता, हे सगळं खरं आहे. तरी म्हणायला हवं होतं.

सोमवारी सकाळी मी जावयाला फोन केला. ‘माझं नाव काढा.’

‘मॅडम, असं कसं? सगळ्यांना सांगितलंय आम्ही.’

‘तुम्ही सांगितलंय. मी नाही.’

मग दोन दिवस फोनच फोन. एकटी बाई, हे वय, परका मुलूख, नवऱ्याला सोडून. माझी नणंद म्हणाली, ‘वहिनी, लोक काय म्हणतील?’ मी तिला म्हटलं, सव्वीस वर्षं परक्या माणसांना घेऊन डोंगरात फिरले, तेव्हा लोकांना काही म्हणायचं नव्हतं, कारण तेव्हा मी त्यांना दाखवायला जात होते. आता बघायला चालले तर लगेच लोक जागे झाले. तिनं फोन ठेवला. मग मी व्हिसाचा फॉर्म काढला. प्रवासाचा हेतू, या रकान्यात पर्यटन असं लिहायचं असतं. हा शब्द मी हजारदा उच्चारला असेल, पण स्वतःच्या नावापुढं पहिल्यांदाच लिहिला. रोजचा कार्यक्रम जोडायचा होता. तो मी माझ्याच अक्षरात लिहिला आणि मग टायपिंगच्या दुकानात जाऊन करून आणला.

नवरा ग्रूपसोबतच जाणार होता. स्वतःचं नाव त्यानं काढून घेतलं नाही आणि मीही म्हटलं नाही. आठवडाभर तो माझ्याशी मोजकं बोलला. टपरीवर त्याला काय काय ऐकावं लागलं असेल ते मला दिसत होतं, पण मी विचारलं नाही. मी ग्रूपच्या आधी निघणार होते, माद्रिदहून सुरुवात करून. मग तोच एकदा संध्याकाळच्या चहाला छापील कागद घेऊन समोर बसला.

‘आमची बस माद्रिदला पोचंल तवा तू तिथंच राहशील ना?’ तो म्हणाला. ‘तुझा तिसरा दिवस पडतोय. मी बघितलं.’

‘हो.’

‘दुपारी मोकळा वेळ दिलाय आम्हाला. खरेदीला.’ त्यानं कागदाची घडी घातली, परत उघडली. ‘मला काय खरेदी करायचीय? तो बाक हाये ना तुझा. त्याच्यावर दोघं बसता येतंय का?’

चौतीस वर्षांत त्यानं मला कधी चित्राबद्दल विचारलं नव्हतं. आत्ता विचारलं, त्याचाही मला रागच आला.

‘येत असेल,’ मी म्हटलं. ‘पण तुम्ही विचाराल. ही कोण, तो कोण.’

‘नाय विचारणार.’

‘नाही विचारलंत तरी मी सांगेन.’

मीटिंगला तो पहिल्याच रांगेत बसला होता, त्याला ते माहीत होतं. त्यानं चहा संपवला, कप उलटा करून बशीत ठेवला.

‘मी सकाळी दार उघडताना जाणार आहे, एकटी,’ मी म्हटलं. ‘तुम्ही दुपारी या. तोवर माझं बघून झालेलं असेल.’